कर्णा: दोन वॅटचा आवाज आणि भंगारातला इतिहास



या मालिकेत आजवर तोफा झाल्या, तारायंत्र झालं, हेलिओग्राफ झाला. आजची वस्तू त्या मानाने साधी आहे. भोंगा. जुन्या मराठीत कर्णा. लग्नाच्या मांडवावर, शाळेच्या गच्चीवर, प्रचाराच्या जीपच्या टपावर आपण तो लहानपणापासून पाहिला आहे. त्याचे थोरले भाऊ मात्र बहुतेकांनी ऐकले आहेत, पाहिलेले नाहीत. ते जुन्या चित्रपटगृहांत पडद्यामागे, अंधारात उभे असायचे.

मी सिग्नल्सचा माणूस. निवृत्तीनंतर महूलाच घर केलं. गेली काही वर्षं जुने हॉर्न स्पीकर विकत घ्यायचे, दुरुस्त करायचे, जमेल तिथे सुधारायचे आणि विकायचे, हा माझा छंद झाला आहे. छंद म्हणतो, कारण एका जोडीचे पैसे पुढच्या जोडीत जातात. पेन्शनला हात लावायचा नाही, असा घरातला करार आहे.

यात इतिहास कुठला, असं कुणी विचारील. हिंदुस्थानात हजारो माणसांच्या गर्दीतल्या शेवटच्या माणसाला वक्त्याचा शब्द ऐकू यायला लागला, तो या वस्तूमुळे. त्याआधी सभेत मागे बसलेल्याला पुढच्याने सांगितलेलं कळायचं. आता ही वस्तू भंगारात निघाली आहे आणि तिचं पुढे काय होणार हे माझ्यासारख्या दुरुस्ती करणाऱ्यांच्या बाकावर ठरतं. म्हणून हा भाग.

आधी थोडं शास्त्र, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. साध्या स्पीकरचा कागदी कोन हवा ढकलतो तेव्हा बहुतेक ताकद फुकट जाते. हवा फार हलकी, कोन तिच्या मानाने जड. रिकाम्या हवेत ठोसा मारावा तसा प्रकार. घरातल्या स्पीकरला दिलेल्या विजेपैकी साधारण एक टक्का ध्वनी होतो, उरलेली उष्णता. हॉर्नमध्ये एक लहान, ताठ पडदा अरुंद गळ्यात दाब तयार करतो आणि तो दाब हळूहळू रुंदावत जाणाऱ्या नळीतून मोकळ्या हवेच्या स्वाधीन होतो. चढावर गाडी पहिल्या गिअरमध्ये घालतो ना, तसंच. चांगला हॉर्न 25-30 टक्क्यांपर्यंत वीज आवाजात उतरवतो. आकड्यांत सांगायचं तर आजचा साधा स्पीकर एका वॅटला, एक मीटरवर, 87 डेसिबलच्या आसपास देतो आणि थिएटरचा हॉर्न 105 च्या आसपास. फरक 18 डेसिबलचा, म्हणजे ताकदीत साठपटीहून जास्त. हॉर्नला दोन वॅट दिले तर त्या साध्या स्पीकरला सव्वाशेच्या आसपास द्यावे लागतील.

हे समजलं की 1920 आणि 30 च्या दशकात सगळीकडे हॉर्नच का होते ते कळतं. व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरची ताकदच तेवढी होती. वेस्टर्न इलेक्ट्रिकची 300बी ही व्हॉल्व्ह आज दंतकथा झाली आहे. ती एकटी वापरली तर जेमतेम आठ वॅट देते. तेवढ्यावर आख्खं थिएटर भरायचं.

सुरुवात त्याच्याही आधीची. पीटर जेन्सन हा डॅनिश आणि एडविन प्रिडहॅम हा अमेरिकी, दोघे कॅलिफोर्नियातल्या नापा गावात टेलिफोनच्या श्रवणयंत्रावर काम करत होते. त्यांनी त्याला मोठं लोहचुंबक आणि ग्रामोफोनचा कर्णा जोडला. 1915 च्या नाताळच्या आदल्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलसमोर त्यांनी जमलेल्या प्रचंड गर्दीला संगीत आणि भाषण ऐकवलं. यंत्राचं नाव मॅग्नाव्हॉक्स, लॅटिनमध्ये थोर आवाज. 1919 साली सॅन दिएगोच्या स्टेडियममध्ये अध्यक्ष विल्सन काचेच्या खोक्यात उभे राहून बोलले आणि त्यांचा आवाज सुमारे पन्नास हजार लोकांनी ऐकला. राजकारणी माणसाच्या हाती ध्वनिक्षेपक आला तो असा. पुढची गंमत आपण सगळे दर पाच वर्षांनी भोगतोच.

मग सिनेमा बोलू लागला. 6 ऑगस्ट 1926 ला न्यूयॉर्कमध्ये ‘डॉन जुआन’ लागला. त्यात संवाद नव्हते, पण संगीत आणि आवाज चित्राशी जुळवलेले होते. त्यामागे वेस्टर्न इलेक्ट्रिकचा 555 हा ड्रायव्हर होता, बेल प्रयोगशाळेतल्या वेंटे आणि थुरास यांनी घडवलेला. ताकदवान कायमचुंबक तेव्हा मिळत नसत, म्हणून त्यात विजेवर चालणारं चुंबक, ज्याला आम्ही फील्ड कॉइल म्हणतो. आज शंभर वर्षांनी तो ड्रायव्हर चालू स्थितीत मिळाला तर जाणकार माणूस त्याला दोन्ही हातांनी उचलतो.

इथे मला कवायतीचं मैदान आठवतं. आवाज सेकंदाला साधारण 344 मीटर जातो. क्विक मार्चमध्ये मिनिटाला 120 पावलं, म्हणजे अर्ध्या सेकंदाला एक. तेव्हा बँडपासून 172 मीटरवर चालणाऱ्या तुकडीला ढोलाचा ठोका बरोबर एक पाऊल उशिरा पोचतो. ती तुकडी ऐकून चालली तर पुढचे डाव्या पायावर आणि मागचे उजव्या. हे प्रत्येक ड्रिल उस्तादाला माहीत असतं. हॉलिवूडच्या ध्वनिअभियंत्यांना ते एका नर्तकीने शिकवलं. एलिनॉर पॉवेल हिच्या टॅप नृत्यातला बुटाचा एक ठोका थिएटरात दोनदा ऐकू येत होता, असा किस्सा त्या वर्तुळात प्रसिद्ध आहे. कारण खर्जाचा हॉर्न लांब, वरच्या सुरांचा आखूड. दोन्हींमधल्या काही फुटांच्या फरकाने एकच ठोका दोन वेळांना पोचत होता. एमजीएमच्या ध्वनिविभागाचे प्रमुख डग्लस शिअरर यांच्या चमूने हा फरक काढून टाकणारी नवी दुहेरी हॉर्नपद्धत बसवली. जॉन हिलियर्ड आणि जेम्स लान्सिंग त्या कामात होते. 1936 सालासाठीचा ॲकॅडमीचा तांत्रिक पुरस्कार तिला मिळाला. पुढे लान्सिंगची कंपनी आल्टेकने घेतली आणि 1945 च्या सुमारास ‘व्हॉइस ऑफ द थिएटर’ ही मालिका आली. जगभरच्या चित्रपटगृहांतले आवाज पुढची तीस वर्षं तिच्या घडणीवर उभे राहिले. लान्सिंगने 1946 मध्ये स्वतःची वेगळी कंपनी काढली. जेबीएल ही त्याच्याच नावाची अक्षरं. कंपनीचं वैभव त्याला दिसलं नाही. 1949 मध्ये त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं.

आणखी एक माणूस, आमच्या पेशातला. पॉल क्लिप्श अमेरिकी सैन्यात अधिकारी होता, दुसऱ्या महायुद्धात अर्कान्सासमधल्या होप गावी दारूगोळ्याच्या चाचणी मैदानावर नेमलेला. हॉर्नची अडचण त्याला ठाऊक होती. 50 हर्ट्झच्या लहरीची लांबी सात मीटरच्या जवळ. तेवढा खर्ज मोकळ्या जागेत नीट सोडायचा तर हॉर्नच्या तोंडाचा घेरही तेवढाच हवा, म्हणजे तोंड दोन मीटरहून रुंद. घरात ठेवणार कुठे? क्लिप्शने हॉर्न घडी घालून पेटीत बसवला आणि पेटी खोलीच्या कोपऱ्यात टेकवली. दोन भिंती आणि जमीन हेच हॉर्नचं पुढचं तोंड झालं. खोलीलाच कामाला लावलं गड्याने. 1946 ला त्याने होपमध्येच धंदा सुरू केला आणि तो क्लिप्शहॉर्न आजही बनतो. त्याच चाचणी मैदानाच्या जुन्या टेलिफोन एक्स्चेंजच्या इमारतीत आता त्याचं संग्रहालय आहे. सैन्याची जुनी इमारत इतक्या चांगल्या कामी आलेली मी फार कमी पाहिली आहे.

आता आपल्याकडे. 14 मार्च 1931 ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला, पुढच्या वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’. मूकपटाच्या थिएटरांना रातोरात आवाजाची यंत्रणा हवी झाली. वेस्टर्न इलेक्ट्रिक, आरसीए अशा परदेशी कंपन्यांचे संच बोटीने येऊ लागले. मोठ्या शहरांतून ते छावण्यांच्या गावी, मग संस्थानांच्या राजधान्यांत, मग तालुक्याच्या टूरिंग तंबूंत उतरले. एक संच तीन-तीन थिएटरं फिरून म्हातारा व्हायचा. म्हणूनच आज नागपूर, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद अशा ठिकाणी ज्या वस्तू निघतात, त्यांची पहिली नेमणूक कुठे होती हे शोधणं हाच अर्धा आनंद असतो.

सभांचा कर्णा मात्र आपल्या माणसांनी चालवला. मोटवाने हे सिंधी कुटुंब, 1909 साली सिंधमध्ये धंद्याला लागलेलं. त्यांच्या ‘शिकागो रेडिओ’ने काँग्रेसच्या सभांना ध्वनिक्षेपक पुरवले. गांधीजींच्या, नेहरूंच्या जुन्या छायाचित्रांत मायक्रोफोनवरची ती पाटी पाहा. नाव अमेरिकी शहराचं, मालक सिंधचे, पेढी मुंबईत. पुढे नाशिकला कारखाना. 1942 मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, त्या खटल्यात नानक मोटवाने यांनाही आरोपी केलं होतं, यंत्रसामग्री पुरवल्याबद्दल. ते सुटले, उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. एरवी भंगारात किलोच्या भावाने जाणाऱ्या कर्ण्याच्या मागे एवढं उभं असतं. मी पाटी शाबूत असलेला एकही कर्णा वितळवायला जाऊ देत नाही, चालत नसला तरी.

मग हे सगळं उतरणीला का लागलं? वॅट स्वस्त झाले, दुसरं काही नाही. 1954 मध्ये अमेरिकेत एडगर व्हिल्चरने लहान, बंद पेटीत खोल खर्ज काढून दाखवला. त्याची किंमत म्हणजे भरपूर ताकद, आणि ट्रान्झिस्टरने ती ताकद पुढच्या दोन दशकांत किराणा मालाच्या भावात आणली. त्यात स्टिरिओ आला. एक कपाट घरात ठेवायला राजी झालेली गृहिणी दोन कपाटांना कशी राजी होणार? थिएटरांत ते आणखी टिकले. नंतर मल्टिप्लेक्स आले, एकपडदा थिएटरांना कुलपं लागली आणि पडद्यामागची कपाटं भंगारवाल्याच्या टेम्पोत चढली.

परदेशात मात्र उलटं झालं. 1970 च्या दशकात जपानी शौकिनांनी अमेरिकेतल्या मोडक्या थिएटरांतून वेस्टर्न इलेक्ट्रिक आणि आल्टेकचा माल उचलायला सुरुवात केली, पुढे कोरियाचे आले. हे लोक तीन वॅटच्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरवर ऐकत आणि मूळ हॉर्नशिवाय त्यांचं भागत नसे. आता तेच गिऱ्हाईक आपल्याकडच्या मालाच्या मागे आहे. आपला पुरावस्तू कायदा 1972 चा. त्यात साध्या वस्तूला पुरावस्तू म्हणायला शंभर वर्षं पूर्ण व्हावी लागतात. 1935 चा हॉर्न त्यात बसत नाही. तो उद्या विमानात चढला तर कुणी अडवणार नाही.

आणि तो अख्खा चढत नाही, दुखणं तिथे आहे. काही वर्षांपूर्वी मध्य प्रदेशातल्या एका जिल्ह्याच्या गावी बंद पडलेल्या टॉकीजमधून दोन कपाटं मला मिळाली, अमेरिकी बनावटीची, 1950 च्या दशकातली. भंगारवाला म्हणाला, ‘‘साब, मशीन ले जाओ, लकडी का क्या करोगे?’’ मशीन म्हणजे ड्रायव्हर. लाकूड त्याने हॉटेलच्या भट्टीला ठरवून ठेवलं होतं. मी मागची फळी उघडली तर आत खडूने नोंदी. कुण्या ऑपरेटरने 1961 पासून 1987 पर्यंत, डायफ्रॅम केव्हा बदलला ते लिहून ठेवलेलं. अकरा तारखा, पहिल्या इंग्रजीत, नंतरच्या देवनागरीत, म्हणजे माणूस बदललेला. अकरापैकी आठ जून ते ऑगस्टमधल्या. दमट हवेत ॲल्युमिनियमची तार खंगते हे आम्ही पुस्तकात वाचतो. इथे एका माणसाने सव्वीस वर्षं ते टिपून ठेवलं होतं. मी लाकूडही घेतलं.

दुरुस्तीला चार महिने लागले. पद्धत सांगतो, कारण बरेच जण घाईत वस्तू मारतात. जुना ड्रायव्हर आणला की लगेच ॲम्प्लिफायरला जोडायचा नाही. आधी मीटर. सोळा ओहमचा ड्रायव्हर मीटरवर दहा-बारा ओहम दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर तार तुटली. मग अगदी हळू आवाजात सिग्नल जनरेटरवरून खालून वरपर्यंत सूर फिरवायचा. कुठे घरघर आली तर फटीत कचरा आहे. मागचं झाकण उघडून डायफ्रॅम अलगद काढायचा आणि चुंबकाच्या त्या बारीक फटीतून लोखंडाचा कीस काढायचा. यासाठी मास्किंग टेपची घडी घालून, चिकट बाजू बाहेर ठेवून फिरवतात. फुंकर मारून काही निघत नाही, आणखी आत जातं. चुंबक मात्र खोलायचं नाही. जुनी चुंबकं अल्निकोची, निकेल आणि कोबाल्टच्या मिश्रणाची. मंडल उघडलं की ती दुबळी होतात आणि पुन्हा चुंबकित करण्याचं यंत्र आपल्याकडे सहज मिळत नाही. 1978 मध्ये झाइरच्या शाबा प्रांतातल्या लढाईने कोबाल्ट महागला आणि कंपन्या फेराइटकडे वळल्या. आफ्रिकेतली चकमक अशी कॅलिफोर्नियातल्या स्पीकरमध्ये उतरली.

एक वेंधळा करणारी गोष्ट: दीड व्होल्टचा सेल लावला की बाकीच्या कंपन्यांचा कोन पुढे येतो, जुन्या जेबीएलचा मागे जातो. दोष नसतो, त्यांची रीतच तशी. हे न कळता कित्येक जण चांगले स्पीकर उलटे जोडून ‘खर्ज येत नाही’ म्हणून विकतात. मला त्यांची अडचण नाही, स्वस्तात मिळतात.

आता सुधारणा. यावर माझ्या ओळखीच्यांत दोन तट आहेत. एक म्हणतो, काहीच बदलू नका. दुसरा म्हणतो, आवाज चांगला येतोय ना, मग कापा, रंगवा, नवं टायटॅनियम घाला. माझा नियम साधा आहे. स्क्रूड्रायव्हरने उद्या काढून टाकता येईल अशी सुधारणा मी करतो. करवत लागणारी करत नाही. जुने कपॅसिटर सुकलेले असतात, तिथे नवे फिल्मचे लावतो, पण जुने जागेवरच ठेवतो, फक्त तार सोडवतो. शिअररच्या चमूने हॉर्नची जागा बदलून जो वेळेचा फरक मिटवला, तो मी पेटीबाहेर ठेवलेल्या डिजिटल क्रॉसओव्हरने मिटवतो. पेटीला भोकही पडत नाही. पत्र्याच्या जुन्या हॉर्नवर डांबरासारखा काळा लेप असतो. हौशी लोक तो घासून पत्रा चकचकीत करतात आणि मग हॉर्न देवळातल्या घंटेसारखा वाजतो म्हणून रडतात. पत्र्याचं कंपन दाबायलाच तो लेप होता.

ती जोडी तयार झाल्यावर पूर्व आशियातल्या एका दलालाचा निरोप आला. त्याला फक्त ड्रायव्हर आणि वरचे पत्र्याचे हॉर्न हवे होते. लाकडाला भाडं जास्त पडतं. नुसत्या त्या भागांची त्याने दिलेली किंमत मी आख्ख्या जोडीला लावलेल्या किमतीहून जास्त होती. आमच्या सौ. एवढंच म्हणाल्या, की पैसे मोजून झाल्यावर रिकामी कपाटं दिवाणखान्यात ठेवायची नाहीत. मी नाही म्हणून कळवलं. त्यात थोरपणा काही नव्हता. त्या खडूच्या तारखा ज्या ड्रायव्हरांच्या होत्या, तेच काढून नेले असते तर तारखांना काही अर्थ उरला नसता. सात महिन्यांनी जोडी बडोद्याच्या एका मराठी कुटुंबाकडे गेली, नाट्यसंगीत ऐकायला. अट एकच घातली, आतल्या खडूवर ओला फडका फिरवायचा नाही. त्यांनी त्यावर पारदर्शक ॲक्रिलिकची फळी बसवून मला फोटो पाठवला.

विकताना मी प्रत्येक जोडीबरोबर दोन पानी कागद देतो. वस्तू कुठून निघाली, पाटीवर काय क्रमांक, काय मूळ, काय बदललं, कधी बदललं, काढलेले भाग कोणत्या पाकिटात. लष्करात वाहनाचं लॉगबुक असतं, त्याचीच नक्कल. याची गरज वाढते आहे. वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या ड्रायव्हरच्या नव्या प्रतिकृती आता बनतात आणि काही उत्तम असतात. प्रतिकृती म्हणून विकल्या तर माझा त्यांना सलाम. जुनी पाटी काढून त्यांवर चिकटवली की मात्र ती लबाडी होते. कागद नसलेल्या वस्तूबाबत हे ओळखणं जाणत्यालाही जड जातं. मला दोन-तीनदा विचारलं गेलं, की बदललेला डायफ्रॅम कागदावर ‘मूळ’ लिहाल का, फरक देऊ. तो फरक मला परवडत नाही.

तुमच्या गावात बंद टॉकीज असेल, शाळेच्या अडगळीत कर्णे असतील, किंवा दिल्लीच्या लजपतराय मार्केटात, पुण्याच्या जुन्या बाजारात असं काही दिसलं, तर आधी पाटीचा आणि पेटीच्या आतल्या बाजूचा फोटो काढा. पुसू नका, वीज लावू नका. तिथे जुना ऑपरेटर हयात असेल तर त्याच्याशी बोला आणि नोंद करून ठेवा. हे लोक आता ऐंशीच्या घरात आहेत. कोणता संच कोणत्या थिएटरातून आला, ते त्यांच्याखेरीज कुणालाच माहीत नसतं.

पुढच्या भागात या हॉर्नना चालवणारे व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर. माझ्या बाकावर एक उघडून ठेवला आहे. त्यातला ट्रान्सफॉर्मर जळालेला आहे, तेव्हा गुंडाळणी कशी मोजायची ते तिथेच दाखवतो.